स्वयंसेवकांचं ॲप करताय? आधी संस्थेतल्या ताईचा फोन बघा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले तिसऱ्या वर्षाचे चौघं मिळून, तरुणांना स्वयंसेवेची कामं शोधून देणारं ॲप करतायत. आराखडा तयार आहे. नकाशावर जवळच्या संस्था, आवडीप्रमाणे सुचवलेली कामं, डावी-उजवीकडे सरकवायची कार्डं, बॅज, लीडरबोर्ड, चॅट. विचारलंय की यातलं आधी काय करावं, फायरबेस (गुगलची तयार सर्व्हर सेवा) घ्यावं की स्वतःचा सर्व्हर, आणि "मुलं डाउनलोड करतील हो, पण टिकतील का?"

शेवटच्या प्रश्नात सगळं आलं, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी आधी सहा वर्षं पुण्यात एका संस्थेत स्वयंसेवकांचा समन्वयक होतो आणि मग ॲप डिझाइनकडे वळलो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. असंच एक ॲप आम्हीही केलं होतं आणि ते सपशेल पडलं. तेव्हा पुढचं जे काही आहे ते बरंचसं ठेच लागल्यावरचं शहाणपण आहे.

तुमच्या मनात चित्र असं दिसतंय की तरुणांना काम करायचंय, संस्थांना माणसं हवीत, फक्त दोघांची गाठ पडत नाही. यातला पहिला भाग खरा. दुसरा अर्धाच खरा. संस्थांना माणसं हवी असतात, पण आलेल्या माणसाला नेमकं काय काम द्यायचं, त्याला कोण सांगणार, तो चुकला तर कोण बघणार, याची तयारी बहुतेक ठिकाणी नसते. तिथे एक ताई असते. तीच हिशोब लिहिते, तीच देणगीदारांना पत्रं पाठवते, मुलांना दवाखान्यात नेते आणि स्वयंसेवकांचे फोनही तीच घेते. तुमचं ॲप चालणार की नाही हे ही ताई ठरवते. तुमच्या आराखड्यात तिच्यासाठी एकही स्क्रीन नाही.

आमच्या ॲपचं हेच झालं. संस्थेच्या नोंदणीसाठी आम्ही एकोणीस रकान्यांचा फॉर्म केला होता. नोंदणी क्रमांक, देणगीवरच्या करसवलतीचं ८०-जी, कामाची क्षेत्रं, पदाधिकारी, सगळं. ताईंनी एकदा, आमच्या भिडेखातर, भरला. मग जून गेला, जुलै गेला, आणि ॲपवर मात्र "उन्हाळी शिबिरासाठी स्वयंसेवक हवेत" हे काम तसंच झळकत होतं. एका मुलीने त्यावर 'मी येते' दाबलं, दोन बस बदलून तिथे गेली, तर गेटला कुलूप. ती पुन्हा आली नाही, आणि तिने ज्यांना सांगितलं तेही आले नाहीत. नव्या डाउनलोडचे आकडे मात्र वर जात होते, आम्ही पेढे वाटत होतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की संस्थेच्या बाजूचं आधी करा, आणि ते ॲप नसलं तरी चालेल. ताई दिवसभर व्हॉट्सॲपवर असते. तिने तिथे एक व्हॉइस नोट टाकावी, "अरे शनिवारी आठेक जण लागतील घाटावर", आणि तुमच्यापैकी एकाने तिला उलट फोन करून पाच गोष्टी विचाराव्यात. कधी, किती वेळ, नेमकं काय, किती जण, पोचल्यावर कोणाला भेटायचं. त्यावरून कामाचं कार्ड तुम्ही लिहायचं आणि ताईने फक्त 'बरोबर' म्हणायचं. दर कार्डाला शेवटची तारीख हवी; ती उलटली की कार्ड आपोआप उतरलं पाहिजे. ताई उतरवेल या भरवशावर राहू नका. तिला दोष नाही, ती विसरणारच.

कार्ड कसं असावं? "पर्यावरण संवर्धनासाठी उत्साही तरुण हवेत" हे कार्ड नव्हे, ही बॅनरवरची ओळ झाली. त्याऐवजी असं लिहा: "शनिवार, सकाळी ८ ते १०:३०. पंचवटीत घाटावर निर्माल्य वेगळं करायचं. फुलं-पानं एका पोत्यात, प्लॅस्टिक आणि कापड दुसऱ्यात. ८ जण हवेत. हातमोजे आम्ही देऊ. जुने कपडे घालून या, पाण्यात उतरायचं नाही. चहा मिळेल, नाश्ता घरून करून या." यातल्या 'पाण्यात उतरायचं नाही' या तीन शब्दांवर किती आया मुलांना पाठवायला तयार होतात, ते एकदा बघा. चहाचं आणि नाश्त्याचं लिहिणं काहींना थिल्लर वाटतं. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाच्या डोक्यात मात्र हेच प्रश्न असतात. पर्यावरणाचे नसतात.

आता जुळवणीकडे येतो, कारण 'आवडीप्रमाणे सुचवणं' यावर तुमचा फार भर दिसतोय. आवड लागते, नाही असं नाही, पण काम अडतं ते वेगळ्याच गोष्टींवर. एक प्रसंग सांगतो.

मार्चचे दिवस. रात्री पावणेनऊला एका मुलाचा फोन आला. पूर्ण अंध, टीवायबीएला, दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला राज्यशास्त्राचा पेपर, आणि ठरलेली लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारी, तापाने आडवी. आमच्या ग्रुपवर तीनशेच्या वर माणसं होती. मी मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत अकरा अंगठे वर आले. मला वाटलं, झालं काम. मग एकेकाला फोन लावायला घेतले. सात जण नोकरी करणारे पदवीधर, म्हणजे बाद, कारण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने एक पायरी खाली हवा होता. उरले चार. त्यातला एक राज्यशास्त्राचाच, तो कॉलेजला चालणार नव्हता. एक मुलगी इंग्रजी माध्यमाची. मराठी फर्डं बोलायची, पण मी तिला 'सार्वभौमत्व' लिहून फोटो पाठवायला सांगितला तेव्हा तीच म्हणाली, "दादा, नको. माझ्यामुळे त्याचे मार्क जातील." तिसऱ्याचं दुपारी एकला स्वतःचं प्रॅक्टिकल. तो म्हणाला, पेपर तीन तासांचाच आहे ना, जमवतो. जमणार नव्हतं, लेखनिक घेणाऱ्याला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो आणि सुटायला दोन वाजतात. राहिला एक. एफवायबीकॉमचा, राहणार हडपसरला, केंद्र कर्वे रोडला. त्याने एकच विचारलं, "दादा, ओळखपत्र कुठलं आणू, कॉलेजचं की आधार?" हे विचारलं तेव्हाच कळलं की हा येणार. सकाळी सव्वानऊला तो गेटवर उभा होता.

या अकरांपैकी कोणाचीही 'आवड' कमी नव्हती. चाळणी लागली ती शिक्षणाची इयत्ता, विषय, लिहिण्याची भाषा, पूर्ण मोकळा वेळ आणि अंतर यांची. तुमच्या ॲपमध्ये प्रोफाइल भरताना "तुम्हाला कशाची आवड आहे? प्राणी, पर्यावरण, शिक्षण" असं विचारण्याआधी "सध्या कितवीला आहात, कोणत्या भाषेत भरभर लिहिता, आठवड्यात कुठली वेळ खरोखर रिकामी असते, घरून किती लांब जाऊ शकता" हे विचारा. आणि हे सगळं पहिल्याच दिवशी नको. नाव, फोन, परिसर आणि मोकळी वेळ एवढ्यावर आत येऊ द्या. बाकीचं त्या त्या कामासाठी हात वर केल्यावर विचारा. लेखनिकाचे नियमही कोडमध्ये पक्के बसवू नका. एक पायरी खालचा लेखनिक ही अट केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये होती. असे नियम बदलत राहतात आणि परीक्षा घेणारी प्रत्येक संस्था आपली एखादी अट वर घालते. दर कामाला संस्थेने स्वतःच्या अटी लिहाव्यात, इतकी मोकळीक पुरे.

टिकण्याचं म्हणाल, तर ते बरंचसं पहिल्या दिवशीच ठरतं. 'मी येतो' दाबणं फुकट असतं. माझ्या अनुभवात दहा जणांनी दाबलं की चार-पाच येतात. पाऊस असला किंवा मॅच असली तर तीन. हा आकडा पूर्ण हटणार नाही, पण दोन गोष्टींनी पुष्कळ सुधारतो. एक, आदल्या संध्याकाळी माणसाचा मेसेज, ज्याचं उत्तर द्यावं लागतं. "उद्या येताय ना? येत नसाल तर आत्ताच सांगा, राग नाही, दुसऱ्याला विचारतो." यातल्या 'राग नाही' मुळे लोक खरं सांगतात आणि ताईला रात्रीच कळतं. दुसरी गोष्ट, पोचल्यावर नाव घेऊन बोलावणारं कोणीतरी. कोपऱ्यात अर्धा तास नुसता उभा राहिलेला मुलगा पुन्हा येत नाही, त्याला कितीही बॅज द्या. म्हणून संस्थेला तुम्ही यादी पाठवाल ती नुसती नावांची नको. "हा पहिल्यांदाच येतोय" अशी खूण नावापुढे असली तर ताई किंवा एखादा जुना पोरगा त्याच्याकडे लक्ष देतो.

हजेरीसाठी जीपीएस किंवा क्यूआर लावायचा मोह होईल. क्यूआरचा फोटो पाच मिनिटांत होस्टेलच्या ग्रुपवर जातो, मी पाहिलंय. ताईने किंवा तिने नेमलेल्या गटप्रमुखाने यादीवर टिचकी मारणं हेच सगळ्यात खात्रीचं, आणि ते नेट नसताना चाललं पाहिजे. त्र्यंबक किंवा पेठच्या पाड्यावर काम असेल तर रेंजचा भरवसा धरू नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: काम नीट मांडलेलं हवं, ते मांडायचा त्रास संस्थेवर नको, जुळवणी वेळेवर आणि अटींवर व्हावी, आणि आदल्या संध्याकाळी कोणीतरी विचारावं. आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याकडे.

तुमचे तरुण म्हणजे कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर निम्मं डिझाइन बदलतं. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलाला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर पुरं करायचं असतं. १९६९ पासून चालत आलेली ही व्यवस्था आहे, तिचे कार्यक्रम अधिकारी आहेत, रजिस्टरं आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिटसाठी समाजात जाऊन काम करणारी मुलंही आता आहेत. यांना तासांची नोंद हवी, आणि ती त्यांच्या सरांना चालेल अशी हवी. अशा मुलांना 'तास भरायला आलेले' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतील. मी नाही मुरडत. मीही तास भरायलाच गेलो होतो. याउलट नोकरी करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीला प्रमाणपत्राचं काही नसतं; तिला रविवारचे तीन तास सत्कारणी लागले पाहिजेत. दोघांना एकाच ॲपमध्ये घ्यायचं असेल तर घ्या, पण पहिल्या वर्षी एकालाच धरा. तुम्ही कॉलेजात आहात, कार्यक्रम अधिकारी हाकेच्या अंतरावर आहेत, तेव्हा मी तुमच्या जागी पहिला गट धरला असता.

'मेरा युवा भारत' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, १५ ते २९ वयाच्या तरुणांसाठी. कोणीतरी तुम्हाला विचारेलच की ते असताना तुमचं कशाला. त्याच्याशी स्पर्धा करू नका, देशभराची यादी करायला जाऊ नका. तुमची ताकद गंगापूर रोड ते पंचवटी एवढ्या पट्ट्यातल्या पाच ताया तुम्हाला नावाने ओळखतात, ही असू शकते. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यामुळे 'कुंभासाठी ॲप' असा मोहही होणार. तिथली गर्दी पोलीस आणि प्रशासनाच्या हातात असते, स्वयंसेवक त्यांच्या शिस्तीत उभे राहतात. पहिलं काम म्हणून ते घेऊ नका.

लीडरबोर्डबद्दल माझं मत कडक आहे: काढून टाका. तास मोजून क्रमांक लावला की मुलं सोपी आणि लांबलचक कामं धरतात. झाडं लावण्याच्या फोटोला गर्दी होते, आणि तीच झाडं एप्रिलमध्ये जगवायला बादली घेऊन जाणारं कोणी मिळत नाही. काही दाखवायचंच असेल तर "या संस्थेत तुमची ही चौथी फेरी" एवढं दाखवा. वस्तीतल्या अभ्यासिकेतल्या मुलाला दर आठवड्याला नवा दादा मिळण्यापेक्षा तोच दादा चार महिने मिळणं कितीतरी मोलाचं असतं.

आता जरा गंभीर भाग, जो विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात कायम राहून जातो. तुमचे वापरणारे अकरावी-बारावीचे असतील तर ते अठराच्या आतले आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ च्या आतल्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवणं किंवा त्यांना नेमून जाहिराती दाखवणं चालत नाही. नुसती 'माझे पालक सहमत आहेत' अशी चौकोनातली टिक म्हणजे संमती नव्हे. सुरुवातीला वय १८ पासून पुढेच ठेवा, हा सरळ मार्ग.

दुसरं, बालगृहातल्या मुलांसोबतचे सेल्फी. तुमच्या आराखड्यात 'अनुभवाचा फोटो टाका' असं आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो फोटो मुलगा टाकेल, पण फिरेल तुमच्या ॲपवर. मुलांच्या संस्थांच्या कामांना फोटोचं बटणच देऊ नका. तिथे जाणाऱ्यांसाठी संस्थेने पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला तर तशी अट कार्डावर लिहायची सोय ठेवा, आणि पहिल्या काही फेऱ्या संस्थेच्या माणसासोबतच, हा नियम तुम्ही स्वतः घाला. आणि चॅट? स्वयंसेवक-स्वयंसेवक खासगी चॅट अजिबात नको. मुलींचे नंबर आणि प्रोफाइल फोटो अनोळखी मुलांना दिसले की आठवड्यात तक्रारी येतात. निरोप संस्थेमार्फत जावा, नंबर कामाच्या आदल्या दिवशी फक्त समन्वयकाला दिसावा आणि काम झाल्यावर दिसेनासा व्हावा.

एवढं वाचून 'मग ॲप करायचंच कशाला' असं वाटलं असेल, तर तेही अगदीच चूक नाही. पहिले दोन महिने ॲपशिवाय चालवा. पाच संस्था, एक गुगल फॉर्म, एक शीट, तुमचे चार फोन. संस्था निवडताना तिथे जाऊन चहा प्या आणि ताईचा फोन कुठला आहे ते बघा. बहुतेक वेळा स्टोरेज भरलेलं असतं आणि नवीन काही उतरतच नाही. शीटवर तीनच गोष्टी लिहा: किती जण येतो म्हणाले, किती आले, आणि त्यातले किती महिन्याभरात पुन्हा आले. तिसरा रकाना भरायला लागला की कोड लिहायला बसा. तोवर हाताने करताना जे काम रोज रोज करून कंटाळा आलाय, तेच ॲपने आधी करावं. माझा अंदाज आहे की ते आदल्या संध्याकाळचे मेसेज पाठवणं असेल, पण तुमचं वेगळं निघू शकतं.

फायरबेस की सर्व्हर, याचं उत्तर आता सोपं आहे: पाचशे माणसांपर्यंत काहीही चालेल, ज्याला जे येतं ते घ्या. त्याहून जास्त वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी मात्र आत्ताच लावून ठेवा. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी करून घ्यावी लागते. ते बारा जण म्हणजे तुमचे वर्गमित्र नकोत, त्यात दोन ताया घ्या. आणि एसएमएसने ओटीपी किंवा आठवण पाठवायला स्वतःचं सेंडर नाव घ्यायचं असेल तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ही नोंदणी नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करणं सोयीचं पडतं, चार विद्यार्थ्यांच्या नावावर अडचणी येतात. म्हणून त्या पाच संस्थांपैकी जिची कागदपत्रं नीट आहेत, तिच्या ताईला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारून ठेवा.